न पाहिलेल्या लेकरासाठी

आज भाद्रपदातील ज्येष्ठा नक्षत्र. मराठवाड्यात घरोघरी आज महालक्ष्म्यांचे पूजन आहे. काल अनुराधा नक्षत्रावर या माहेरवाशिणी कुंकवाच्या पावलांनी उंबरठा ओलांडून आत आल्या. आज पुरणावरणाचा, आंबिलीचा आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य घेतील आणि उद्या मूळ नक्षत्रावर निरोप घेतील. पुण्या-मुंबईकडे यांना गौरी म्हणतात. आपल्या नांदेड-लातूरकडे त्या महालक्ष्म्या, आणि पुष्कळ घरांच्या रीतीप्रमाणे त्या एकट्या येत नाहीत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी उभ्या राहिल्या की त्यांच्या पुढ्यात त्यांची बाळेही मांडली जातात. बाळांना अंगडे-टोपडे घालतात, गळ्यात मणी बांधतात. देवी ऐश्वर्याची खरी, पण आपल्याकडे ती लेकुरवाळी आहे. तिच्यापुढे पदर पसरणारी गृहिणी धनधान्य मागते ते नंतर. आधी मागते ते लेकराबाळांचे आयुष्य.

हे मागणे ज्या घरांत या वर्षी दाटल्या कंठाने होत असेल, त्या घरांविषयी आज लिहावयाचे आम्ही ठरविले आहे.

सणाच्या पानावर कर्करोगाचे नाव घ्यावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. शुभदिनी अभद्र बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. कित्येक घरांत तर एरवीही या रोगाचे नाव उच्चारीत नाहीत, ‘तो मोठा आजार’ एवढेच दबक्या आवाजात म्हणतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत हा संकोच एक वेळ समजण्यासारखा आहे. मुलांच्या बाबतीत मात्र तो घातक ठरतो, कारण मुलांचा कर्करोग मोठ्यांच्या कर्करोगापेक्षा औषधाला पुष्कळच अधिक दाद देतो. तंबाखूशी वा मद्याशी त्याचा संबंध नाही. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाही. आईने गरोदरपणी काही वावगे खाल्ले किंवा बापाने कोणाचे काही बुडविले म्हणून तो येत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत त्याचे नेमके कारण दाखवून देता येत नाही. अशा मुलाच्या आईला शेजारणींनी सणाच्या हळदीकुंकवाला बोलावण्याचे टाळणे, हा आमच्या मते खुद्द देवीचाच अवमान आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी शंभरांत ८० हून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० देखील होत नाहीत. रोग तोच, औषधांची नावेही बहुतांशी तीच. मूल कोणत्या भूमीवर जन्मले एवढ्यावरून त्याचे जगणे वा मरणे ठरावे, ही गोष्ट कोणत्याही श्रद्धाळू मनाला सहज पटणारी नाही.

पाचांतील एक

आता आपल्या नायगावकडे वळू. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. भोवताली सोयाबीन, कापूस, तूर आणि ज्वारीची शेती. अशा गावातील एखाद्या मुलाचा ताप पंधरा पंधरा दिवस हटत नाही, चेहरा पांढराफटक पडतो, मार लागलेला नसता अंगावर निळे-जांभळे डाग उठतात, तेव्हा घरातील मंडळी प्रथम काय करतात? दृष्ट काढतात, देवाचा अंगारा लावतात. अंगाऱ्याला आमची मुळीच हरकत नाही. कपाळी अंगारा लावून मूल त्याच दिवशी रक्ततपासणीला न्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे. काही मुलांच्या मानेत वा पोटात गाठ लागते. काहींच्या डोळ्याची बाहुली उजेडात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकते, आणि ती प्रथम आईच्याच ध्यानात येते. तेव्हा आईचे म्हणणे कोणी हसण्यावारी नेऊ नये.

नायगावहून नांदेड, नांदेडहून छत्रपती संभाजीनगर, किंवा देवगिरी वा नंदिग्राम गाडीने रात्रभर प्रवास करून दादर आणि तेथून परळचे टाटा स्मारक रुग्णालय, असा हा मार्ग आहे. मुलांत सर्वांत अधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग बरा होण्यास सुमारे दोन ते अडीच वर्षे औषध चालते. पहिले काही महिने तर रुग्णालयाच्या आसपासच राहावे लागते. या काळात इकडे सोयाबीन कापणीला येते, रोजंदारी बुडते, धाकटी भावंडे आजीच्या हवाली होतात आणि कोणाच्या तरी सल्ल्याने जमिनीचा तुकडा विकावयास निघतो.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. गरीब कुटुंबाच्या औषधोपचारासाठी शासनाची योजना आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला नांदेड जिल्हा होता. पुढे ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्यभर चालू झाली. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान डब्यात भाडे पडत नाही, आणि सोबत्यालाही मोठी सूट आहे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. ज्या महापुरुषाने स्वतः झाडाखाली राहून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे परक्यांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्याच्या नावाच्या या वास्तूत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. २००६ पासून सेंट ज्यूड नावाच्या संस्थेनेही मुंबईत अशा मुलांच्या कुटुंबांसाठी निवासाची सोय केली आहे. सिद्धिविनायकाच्या न्यासासारखी देवस्थाने आणि लालबागच्या राजाच्या मंडळासारखी मंडळे रुग्णांना साहाय्य देतात.

मग आणखी पैसा कशाला हवा, असे वाचक विचारतील. तो प्रश्न योग्यच आहे.

रोग्याला औषध विकत घेऊन देणे ही एक गोष्ट झाली, आणि ते औषध मुळात शोधून काढणे, ते आपल्या मुलांना किती द्यावे, कधी थांबवावे, कोणाला सोसते आणि कोणाला सोसत नाही हे पडताळणे ही निराळी गोष्ट झाली. पहिल्या कामाला योजना आहेत, देवस्थाने आहेत, आपल्यासारखे दानशूर वाचक आहेत. दुसऱ्या कामासाठी म्हणून कोणी उत्सवमंडपात पेटी ठेवल्याचे आमच्या पाहण्यात क्वचितच आले. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विलायतेतील काचेच्या नळ्या येतात आणि तो आपला प्रांत नव्हे असे आपण मानतो.

परंतु संशोधन पुष्कळदा फार साध्या प्रश्नापासून सुरू होते. सन २००९ च्या सुमारास टाटा रुग्णालयाच्या बालविभागाने मोजदाद केली, तेव्हा दिसून आले की उपचार नाकारणाऱ्या किंवा अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळजवळ पाचांत एक इतके आहे. औषध उपलब्ध होते, डॉक्टर होते, आणि तरीही पाचांतील एक मूल पाठ फिरवून परत जात होते. कां? कोणी राहण्याची सोय नाही म्हणून, कोणी खाण्याचे हाल म्हणून, कोणी घरी पीक वाळते म्हणून, कोणी ताप उतरला म्हणजे बरे झाले अशा समजुतीने. ही कारणे शोधून विभागाने ‘इम्पॅक्ट’ नावाचा निधी उभारला, देणगीदार मिळविले, निवास, आहार, शाळा आणि धीर या चारही गोष्टींची व्यवस्था लावली, आणि ठरलेल्या तारखेला जे मूल आले नाही त्याच्या घरी फोन करणारी माणसे नेमली. काही वर्षांतच सोडून जाण्याचे प्रमाण विसांत एकाच्या आसपास आले. येथे कोणतेही नवे औषध सापडलेले नव्हते. सापडले होते ते आपल्या माणसांचे दुखणे. आणि ते शोधावे लागले, आपोआप कोणाला दिसले नाही.

परळच्या गर्भवती

या विषयाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

सन १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या एक इंग्रज वैद्य-विदुषी मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केले. गिरणगावातील गरीब गर्भवती स्त्रिया एका विचित्र पांढुरक्या रोगाने बाळंतपणाच्या आगेमागे दगावत होत्या. रक्त पातळ होई, रक्तपेशी मोठ्या आणि अपुऱ्या असत. विल्सबाई आणि त्यांचे मेहता, तळपदे आदी सहकारी यांनी या स्त्रियांच्या घरी जाऊन त्या काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. अखेरीस असे आढळले की खमिराचा एक स्वस्त अर्क दिला असता या स्त्रिया भराभर सुधारतात. सन १९३१ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्या अर्कात काय होते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी त्याचे स्वरूप उकलले: ते फॉलिक आम्ल होते, जे आज आपल्या प्रत्येक गर्भवती लेकीसुनेला गोळीच्या रूपाने दिले जाते.

अमेरिकेतील बोस्टन शहरी सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. रक्त वाढविणारे हे द्रव्य रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना देऊन पाहावे, असे त्यांना वाटले. दिले, तो रोग उलट वेगाने वाढला. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. फार्बर यांनी उलटा विचार केला: हे द्रव्य मिळाल्याने जर रोग पोसला जातो, तर ते पोहोचू न देणारे औषध दिले तर? तसे औषध त्यांना मिळाले ते लेडर्ली नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून, आणि त्या प्रयोगशाळेचे धुरीण होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातील भीमावरमचे. नायगाव-देगलूरच्या बाजारात तेलुगू बोल कानाला परके नाहीत. आपल्या या शेजारभाषेचा हा सुपुत्र. तरुणपणी संग्रहणीच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ नेले, आणि त्यांनी आयुष्य औषधशोधास वाहिले. फार्बर यांनी १६ मुलांना ते औषध दिले. १० मुलांत सुधारणा दिसली. जून १९४८ मध्ये हे वृत्त छापून आले. ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. आणि सप्टेंबरच्या १७ तारखेस आपला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. इतक्या जवळच्या काळातील ही गोष्ट आहे.

ते बरेपण काही महिनेच टिकले, हे खरे. पण त्यापूर्वी या रोगात कोणी काही आठवड्यांहून अधिक आशाच धरीत नसे. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट नावाचे औषध आजही परळला, संभाजीनगरला, जगात सर्वत्र या मुलांना देतात. गिरणगावातील ज्या बायांनी १९२८ च्या पुढे विल्सबाईंना आपले रक्त तपासू दिले, त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. हाफकिन संस्था आणि टाटा रुग्णालय या दोन वास्तू परळच्या एकाच परिसरात, परस्परांपासून पायी जाण्याच्या अंतरावर उभ्या आहेत.

टाटा रुग्णालयाची उभारणीही एका दुःखातूनच झाली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या काळी जगात कोणाजवळही त्यावर औषध नव्हते. पैशाने काहीही विकत घेऊ शकणाऱ्या घराला पत्नीचे प्राण मात्र घेता आले नाहीत. दोराबजींनी १९३२ मध्ये मेहरबाईंच्या नावाने एक न्यास स्थापिला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगात कोठेही चालणाऱ्या रक्तकर्करोगाच्या संशोधनास लावून दिला. त्याच वर्षी तेही गेले. मेहरबाईंच्या अलंकारांत ज्युबिली नावाचा, कोहिनुराच्या दुपटीहून जड असा २४५ कॅरटचा हिरा होता. तो पुढे विकला गेला आणि त्याचे मोल दोराबजींच्या धर्मादाय न्यासाकडे आले. या न्यासाने उभारलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे.

आम्हास यात विशेष वाटते ते असे की दोराबजींनी निधी दिला तेव्हा त्या रोगावर एकही उपाय दृष्टिपथात नव्हता, आणि ज्यांच्यासाठी तो हवा होता त्या मेहरबाई तर निघून गेल्या होत्या. तरीही त्यांनी दिला.

नवस आणि नवसाची फेड

अमेरिकेत मेम्फिस नावाच्या शहरी मुलांचे एक संशोधन-रुग्णालय आहे. त्याचा जन्म चक्क एका नवसातून झाला. डॅनी थॉमस हा लेबननमधून आलेल्या गरीब ख्रिस्ती कुटुंबातील नट. उमेदवारीच्या काळात हातात पैसा नव्हता तेव्हा त्याने संत ज्यूड याला साकडे घातले: मला आयुष्याची वाट दाखव, मी तुझे स्थान उभारीन. पुढे त्याला यश लाभले. नवस फेडताना त्याने निराळे देऊळ बांधले नाही. गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली आणि १९६२ मध्ये संताच्या नावाने मुलांचे रुग्णालय उघडले. तेथे कोणत्याही घराला बिल पाठवीत नाहीत. खर्चाचा बहुतेक भाग सामान्य माणसांच्या लहान देणग्यांतून चालतो. रुग्णालय उघडले तेव्हा रक्ताच्या नेहमीच्या कर्करोगाची शंभरांतील चारच मुले वाचत; तेथील डॉक्टर डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धती वर्षानुवर्षे तपासून पाहिली आणि १९७० च्या सुमारास निम्मी मुले वाचू लागली. आज ते प्रमाण नव्वदांच्या वर आहे. आमच्या तुळजापूर-माहूरच्या नवसांची परंपरा जाणणाऱ्या वाचकांना या नटाची रीत परकी वाटू नये. मुंबईतील ज्या निवासांचा उल्लेख वर आला, त्यांचे नाव याच संताचे.

विलायतेत सापडले, ते येथे आणून दिले, म्हणजे झाले, असे मात्र होत नाही. तेथील मुलाला सोसणारी मात्रा आपल्या कुपोषित मुलाला सोसत नाही. कर्करोगाऐवजी जंतुसंसर्गानेच मूल जाते. म्हणून १९८४ मध्ये टाटा रुग्णालयातील डॉक्टर सुरेश अडवाणी यांनी अमेरिकन संशोधकांच्या सहकार्याने आपल्या रुग्णालयांना झेपेल अशी एक उपचारपद्धती सुरू केली. बालपणीच पोलिओ झाल्याने अडवाणी यांचे सारे आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले आहे. त्याच खुर्चीतून त्यांनी १९८३ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीवर भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण केले होते. या नव्या पद्धतीचे फळ पडताळावयास पुढे दीड दशक लागले. पूर्वी जेथे निम्म्याहून पुष्कळ कमी मुले वाचत, तेथे शंभरांतील साठांच्या आसपास वाचू लागली. गेल्या दशकात दिल्ली, चंदीगड, कोलकाता, चेन्नई आणि मुंबई येथील रुग्णालयांनी मिळून पुढचा प्रश्न हाती घेतला: औषधांचा विखार कमी करूनही मूल वाचविता येईल काय? असा प्रश्न औषध विकणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. कमी औषध द्यावे की काय, हे तपासावयास पैसा समाजानेच दिला पाहिजे.

अगदी अलीकडची गोष्ट. रोग्याच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखण्यास शिकवून पुन्हा शरीरात सोडण्याची एक विद्या निघाली आहे; तिला ‘कार-टी’ म्हणतात. परदेशी तिचा खर्च काही कोटी रुपये होतो. पवईच्या आयआयटीचे राहुल पुरवार आणि टाटा केंद्राचे डॉक्टर यांनी ती येथेच सिद्ध केली. ४ जून २०२१ रोजी खारघरला पहिला उपचार झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. खर्च कोटींवरून काही दशलाखांवर आला. सामान्य घराला तोही आवाक्याबाहेरचा. शिवाय ही मंजुरी मिळाली ती पंधरा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी. लहान लेकरांसाठी आणखी काम उरले होतेच.

पूर्तधर्म

आपल्या धर्मशास्त्रात ‘इष्टापूर्त’ असा जोडशब्द आहे. इष्ट म्हणजे यज्ञयाग, आणि पूर्त म्हणजे विहिरी, तळी, घाट, धर्मशाळा, अन्नछत्र, सावलीची झाडे. पूर्ताची विशेषता अशी की विहीर खोदणाऱ्याला पुढे तिचे पाणी कोण पिणार हे ठाऊक नसते. अहिल्याबाईंनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा आणि परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार केला, देशभर घाट बांधले. त्यांतल्या किती यात्रेकरूंचे तोंड त्यांनी पाहिले असेल? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत श्रेष्ठ ठरते ते परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेले दान. जे मूल अद्याप आजारीही पडलेले नाही, कदाचित जन्मलेलेही नाही, त्याच्यासाठी दिलेल्या दानाची परतफेड कोण आणि कशी करणार? संशोधनाला दिलेला पैसा म्हणजे आजच्या काळातील पूर्त होय, असे आम्हास वाटते. शास्त्रीमंडळींनी या मतावर अवश्य विचार करावा.

आणि याला मोठी रक्कमच लागते असेही नाही. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभारला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला त्या पैशातून काचेचा कारखाना निघाला. ज्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाचा पुरस्कार केला, त्यांनीच पैसा फंडाचाही केला, हे आपल्या मंडळांनी विसरू नये. नायगाव तालुक्यातील प्रत्येक गावी एखादे तरी मंडळ आज वर्गणीचे पुस्तक घेऊन फिरत आहे. विद्युत रोषणाईचा एक दिवस कमी करून ती रक्कम बाजूला काढली, तर देवाच्या तेजात कोणतेही उणेपण येणार नाही.

बार्शीचे उदाहरण या बाबतीत आम्हाला फार जवळचे वाटते. भगवंताच्या त्या गावी डॉक्टर नेने यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ मध्ये तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील सुमारे साडेतीनशे गावे तिच्यात आली. त्यांपैकी परंडा आणि भूम आपल्या मराठवाड्यातील. नोंद घेणारा कार्यकर्ता गावी जातो, पारावर बसतो, कोण आजारी आहे, कोण गेले, कशाने गेले, हे विचारतो आणि लिहून घेतो. तोवर खेड्यातील कर्करोगाचा आकडाच कोणाजवळ नव्हता. जे मूल नांदेडलाही न पोहोचता घरीच गेले, त्याची गणती एरवी कोठे होणार? अशा नोंदी घेणाऱ्या माणसाचा पगार, एस.टी.चे भाडे आणि वही-पेन, हाही संशोधनाचाच खर्च आहे, आणि त्याला धनाढ्य दाता क्वचितच मिळतो, कारण त्याच्या नावाची फरशी कोठे लावता येत नाही.

ज्या घरांना वा मंडळांना यात भाग घ्यावासा वाटेल, त्यांना व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. रक्कम कोणाही मध्यस्थाच्या हाती रोख देऊ नये. धनादेशाने वा बँकेमार्फत थेट संस्थेच्या नावे पाठवावी आणि छापील पावती मागून घ्यावी. सोबतच्या पत्रात ही रक्कम मुलांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी आहे असे स्पष्ट लिहावे, म्हणजे ती कोणत्या खात्यात जमा झाली हे पुढे विचारता येते. मंडळांनी अनंत चतुर्दशीनंतर हिशेब वाचून दाखविताना ही पावतीही वाचावी. आणि ज्या घरी एखादे लेकरू सध्या परळला उपचार घेत आहे, त्या घरचे शेत या महिन्यात कोण राखणार, याची चौकशी शेजाऱ्यांनी आजच संध्याकाळी करावी. सोयाबीन कापणीला थोडेच दिवस उरले आहेत.